दर दुष्काळात शेतातील माती वाऱ्याने उडत असल्यास: कारणे कशी शोधावीत आणि उपाय कोणत्या क्रमाने करावेत

कमी पावसाच्या प्रदेशातील जमीन बऱ्या पावसाच्या वर्षांत व्यवस्थित पीक देते. परंतु ओळीने दोन-तीन वर्षे पाऊस कमी झाला की तिच्या वरच्या थरातील माती वाऱ्याबरोबर उडू लागते, नुकतीच उगवलेली रोपे करपून कापली जातात आणि कुंपणाशी मातीचे ढीग साचतात. पाऊस परत आला की सगळे पूर्ववत झाल्यासारखे वाटते आणि पुढच्या दुष्काळात तोच प्रकार पुन्हा घडतो. हा लेख या वारंवार उद्भवणाऱ्या समस्येच्या निदानासाठी आणि निवारणासाठी लिहिला आहे.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील दक्षिण महामैदानांचा प्रदेश घेतला आहे. ओक्लाहोमा आणि टेक्सस या राज्यांचे पॅनहँडल म्हणून ओळखले जाणारे चिंचोळे भाग, पश्चिम कॅन्सस, आग्नेय कोलोरॅडो आणि ईशान्य न्यू मेक्सिको मिळून सुमारे 10 कोटी एकरांचा हा पट्टा 1930 च्या दशकात ‘डस्ट बाऊल’ या नावाने जगाला माहीत झाला. तेथे ही समस्या टोकाला गेली, वीस वर्षांनी परत आली, आणि तिच्यावर कोणते उपाय चालले व कोणते चालले नाहीत याची नोंद झाली. या पट्ट्यात वर्षाला साधारण 400 ते 500 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे माण, खटाव, आटपाडी किंवा जत येथील शेतकऱ्याला परिचित असावा तितकाच. माती, हंगाम आणि वारा मात्र वेगळे आहेत, आणि जेथे हा फरक उपायावर परिणाम करतो तेथे तो लेखात सांगितला आहे.

पहिली तपासणी: दोष पावसाचा की उघड्या जमिनीचा

माती उडू लागली की सर्वांचे लक्ष आकाशाकडे जाते. ते स्वाभाविक आहे, परंतु निदानाची सुरुवात तेथून केल्यास उपाय सापडत नाही, कारण पाऊस आणणे कोणाच्याच हाती नाही. पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की वर्षातील सर्वांत वादळी महिन्यांत या जमिनीवर काय उभे असते.

महामैदानांवर शेकडो वर्षे ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास ही खुज्या वाढीची, दाट मुळांची गवते होती. त्या काळातही दुष्काळ पडत होते, काही तर 1930 च्या दशकापेक्षा अधिक लांबलेले होते. गवत वरून वाळले तरी त्याच्या मुळांचे जाळे माती धरून ठेवत असे आणि पाऊस आला की तेच गवत पुन्हा फुटत असे. धूळ तेव्हाही उडत होती, पण राज्येच्या राज्ये अंधारात जातील इतकी नव्हे. 1930 च्या दशकातही ज्या कुरणांवर नांगर फिरला नव्हता आणि ज्यांच्यावर चराईचा अतिरेक झाला नव्हता, ती शेजारच्या नांगरलेल्या शेतांच्या मानाने कितीतरी चांगली टिकली. पाऊस दोन्हींवर सारखाच कमी पडला होता, हवा तीच होती, वाराही तोच होता. फरक होता तो फक्त आच्छादनाचा.

हे आच्छादन कसे गेले हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण ज्या कारणांनी ते गेले तीच कारणे पुढेही परत आली. 1862 च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला 160 एकर जमीन मिळत होती. ओलसर पूर्वेकडे तेवढी पुरेशी होती, कोरड्या पश्चिमेकडे नव्हती. 1909 मध्ये कोरड्या भागासाठी ही मर्यादा 320 एकर करण्यात आली आणि वसाहतकरी अशा जमिनीवर गेले जी मुळात चराईला योग्य होती. पहिल्या महायुद्धात युरोपला गहू हवा होता, सरकारने दर बुशेलला (सुमारे 27 किलो) दोन डॉलरहून अधिक हमीभाव दिला, आणि नेमकी त्याच सुमारास पावसाची वर्षेही चांगली गेली. ट्रॅक्टर आले, त्यामागे ओढायचे तव्यांचे नांगर आले. हे तव्यांचे नांगर वेगाने काम करत, पण जुन्या पिकाची धसकटे गाडून टाकत आणि वरची माती पिठासारखी बारीक करून ठेवत. भाव उतरल्यावर शेतकऱ्यांनी नांगरट कमी केली नाही. उलट तेवढेच उत्पन्न राखण्यासाठी आणखी गवत मोडले. 1931 मध्ये गव्हाचे भरघोस पीक आले आणि भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला. शहरात राहून केवळ पेरणी-कापणीसाठी येणारे अनेक गैरहजर मालक नांगरलेली जमीन तशीच उघडी टाकून निघून गेले. त्यानंतर पावसाने पाठ फिरवली.

हंगामाची रचनाही या समस्येला अनुकूल होती. तेथील गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरला जातो आणि जूनमध्ये काढला जातो, तर सर्वांत जोराचे वारे फेब्रुवारी ते मे या महिन्यांत वाहतात. शरद ऋतूत ओल नसल्यामुळे गहू उगवला नाही, तर वाऱ्याच्या संपूर्ण हंगामात त्या शेतावर एकही पान नसते. आपल्याकडे ही उघडी अवस्था रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंत असते. त्या काळात वावटळी उठतात हे खरे, परंतु दख्खनच्या बहुतेक जमिनींवर त्या मातीचा मोठा वाटा वळवाचा आणि पहिला जोरदार पाऊस ओघळांतून नेतो. कारण एकच, वाहून नेणारे हात निराळे. त्यामुळे तपासणीची ही पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

दुष्काळाच्या मूळ कारणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, 1930 च्या दशकात उष्ण कटिबंधातील पॅसिफिक महासागर नेहमीपेक्षा किंचित थंड आणि अटलांटिक किंचित उबदार होता, आणि मेक्सिकोच्या आखातावरून मैदानांकडे बाष्प आणणारा खालच्या थरातील वाऱ्याचा प्रवाह त्यामुळे दुबळा झाला. एवढे नैसर्गिक होते. परंतु हवामानाच्या संगणकीय प्रारूपांवरून असेही दिसते की उडालेल्या धुळीने सूर्यप्रकाश अडवून जमिनीलगतची हवा वर चढण्याची क्रिया मंदावली आणि पाऊस आणखी घटला. वनस्पती नसल्यामुळे जमिनीतून हवेत जाणारे बाष्पही कमी झाले. म्हणजे उघड्या जमिनीने दुष्काळाला हातभार लावला. केवळ पावसाची वाट पाहत बसणे हा मार्ग का चुकीचा आहे, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

दुसरी तपासणी: माती नेमकी कशी हलते आहे

वाऱ्याने माती तीन प्रकारे हलते आणि तिन्हींच्या खुणा शेतात वेगवेगळ्या दिसतात. साधारण 0.1 ते 0.5 मिलिमीटर आकाराचे कण जमिनीवरून उड्या मारत पुढे जातात. वाऱ्याने हलणाऱ्या मातीचा निम्म्याहून अधिक भाग सहसा याच प्रकारे जातो. त्याहून जाड कण उड्या मारू शकत नाहीत, ते धक्के खात जमिनीलगत घरंगळतात. अगदी बारीक कण हवेत तरंगतात आणि शेकडो मैल जातात. दुरून दिसणारे काळे वादळ हे या तरंगणाऱ्या धुळीचे असते, पण समस्येचे इंजिन ती धूळ नव्हे. बारीक कण एकमेकांना चिकटून जमिनीला बसलेले असतात आणि नुसत्या वाऱ्याने सहज उचलले जात नाहीत. उड्या मारणारा कण त्यांच्यावर आपटतो तेव्हा ते सुटतात. म्हणून निवारणाचे उद्दिष्ट धूळ अडवणे हे नसून उड्या मारणारे कण थांबवणे हे असले पाहिजे. हे कण जमिनीपासून बहुधा गुडघ्याच्या उंचीच्या आतच प्रवास करतात, आणि म्हणूनच वीतभर उंचीची धसकटे किंवा सरीचा वरंबासुद्धा त्यांना अडवू शकतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की हा प्रकार सगळ्या शेतात एकाच वेळी सुरू होत नाही. एखादा रेताड उंचवटा, गाड्यांची वाट, जनावरे बसण्याची जागा अशा ठिकाणी तो प्रथम सुरू होतो, आणि तेथून वाऱ्याच्या दिशेने जाताना प्रत्येक कण आणखी कणांना सोडवत जातो. शेत वाऱ्याच्या दिशेत जितके लांब, तितका हा ओघ वाढत जातो. वाऱ्याच्या वेगाशी मातीच्या वहनाचे नाते साधे नाही. एका मर्यादेनंतर ते वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर वाहून जाणारी माती सुमारे आठपट होऊ शकते. जमिनीलगतचा वेग थोडासा कमी केला तरी फायदा इतका मोठा का होतो, ते यातून कळते.

स्वतःच्या जमिनीची प्रवृत्ती तपासण्यासाठी पुढील साधी कृती करता येते. शेताच्या दोन-तीन ठिकाणांहून वरच्या दोन बोटे थरातील पूर्ण वाळलेली माती, ढेकळे न फोडता, अलगद खोऱ्याने उचलावी आणि सुमारे एक मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर हलक्या हाताने चाळावी. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील मॅनहॅटन येथे 1947 पासून चाललेल्या वारा-धूप संशोधनात 0.84 मिलिमीटरहून मोठे मातीचे गोळे वारा सहसा उचलत नाही असे आढळले होते. चाळणीवर बराच भाग राहिला, तर जमिनीला अजून स्वतःचे संरक्षण आहे. जवळजवळ सर्व माती खाली गेली, तर पुढच्या जोरदार वाऱ्यात ती उडणार असे समजून चालावे. ही चाचणी रोटाव्हेटर फिरवण्यापूर्वी आणि फिरवल्यानंतर अशी दोनदा करून पाहावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कोरड्या हलक्या जमिनीत त्या अवजाराने होणारे नुकसान समजावून सांगण्यास दुसरे काही लागत नाही.

शेतात दिसणारी काही लक्षणेही निदानास मदत करतात. रोपांच्या खोडावर एकाच बाजूने खरचटल्याच्या खुणा असतील, तर उड्या मारणारे कण त्यांच्यावर आपटत आहेत. रोपाची मुळे उघडी पडली असतील, तर त्या जागेची माती गेली आहे; रोपे गाडली गेली असतील, तर दुसरीकडची माती तेथे आली आहे. जमिनीवर जाड वाळूचा किंवा बारीक खड्यांचा थर दिसू लागला असेल, तर ते सर्वांत गंभीर लक्षण मानावे. वारा निवडून नेतो: सेंद्रिय पदार्थ, गाळ आणि चिकणमातीचे हलके कण, ज्यांना नत्र-स्फुरद धरून असते, ते आधी जातात आणि पाणी धरू न शकणारी वाळू मागे राहते. त्यानंतर चांगला पाऊस पडला तरी त्याच पावसात पूर्वीइतके पीक येत नाही, आणि पुढच्या दुष्काळात तीच जमीन आधीपेक्षा लवकर उडू लागते.

दुर्लक्ष केल्यास काय होते

अमेरिकेच्या नोंदींनुसार 1932 मध्ये 14 मोठी धूळवादळे झाली आणि 1933 मध्ये 38. मे 1934 मध्ये एका वादळाने मैदानांची माती शिकागो, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर आणून टाकली. किनाऱ्यापासून सुमारे 300 मैल दूर अटलांटिकमधील जहाजांवरही ती पडली. 14 एप्रिल 1935 हा दिवस तेथे ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्या दुपारी उत्तरेकडून आलेल्या वादळाने भर दिवसा असा अंधार केला की लोकांना स्वतःच्या अंगणात घर सापडेना. दुसऱ्याच दिवशीच्या एका वृत्तात ‘डस्ट बाऊल’ हे शब्द आले आणि ते कायम झाले.

शेतावरचा परिणाम पिकापुरता नव्हता. वाळलेले रशियन थिसल नावाचे काटेरी तण गडगडत येऊन कुंपणाच्या तारांत अडके, त्यात धूळ साचे, आणि पाहता पाहता कुंपण इतके बुजे की जनावरे त्यावरून चालत पलीकडे जात. चारा संपल्यावर काही शेतकऱ्यांनी तेच तण जनावरांना घातले. 1934 मध्ये सरकारने उपासमार होत असलेली गुरे विकत घेण्याची योजना आणली, कारण ती जगवण्याचा मार्ग शेतकऱ्यांकडे उरला नव्हता. लहान मुले आणि वृद्ध यांना धुळीमुळे होणारा न्यूमोनिया इतक्या प्रमाणात झाला की रेडक्रॉसने तात्पुरती रुग्णालये उघडली. दरवाजे-खिडक्यांच्या फटींत ओल्या चादरी लावूनही ताटात माती पडे. 1940 पर्यंत सुमारे 25 लाख लोकांनी मैदानी राज्ये सोडली. त्यांपैकी सर्वजण धुळीमुळे गेले असे म्हणता येणार नाही, कारण मंदी होती, कर्जे होती आणि ट्रॅक्टरमुळे कुळांची गरज उरली नव्हती; परंतु ज्या कुटुंबांची जमीन उडून गेली त्यांच्यासाठी परतण्यासारखे काही उरले नव्हते हेही तितकेच खरे आहे. आकडे वाचताना या माणसांचा विसर पडू नये म्हणून येथे थांबणे मला आवश्यक वाटते.

धुळीला शेजारी नसतो, ती सर्वांची होते. 23 जानेवारी 2022 रोजी पाकिस्तानच्या बाजूने आलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आणि उत्तर कोकणावर पसरली होती आणि दिवसभर क्षितिज दिसत नव्हते, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

माती उडायला लागली असताना करावयाचे उपाय

वादळाच्या हंगामात आच्छादन उगवण्यास वेळ नसतो, त्यामुळे पहिला उपाय पृष्ठभाग खडबडीत करणे हा आहे. महामैदानांवर यासाठी सरी पाडणारा खोल नांगर वापरला गेला. आपल्याकडे रिजरने जे काम होते, साधारण तेच. सऱ्या मुख्य वाऱ्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, म्हणजे उड्या मारणारे कण सरीत पडून अडकतात आणि खालून वर आलेली ढेकळे वाऱ्याला अडवतात. सरकारने या कामासाठी शेतकऱ्यांना एकरी मोबदलाही दिला, आणि कॅन्ससमध्ये कायद्याने असा अधिकार देण्यात आला की एखाद्या मालकाची जमीन उडून शेजाऱ्याचे नुकसान करत असेल आणि तो काही करत नसेल, तर परगण्याच्या अधिकाऱ्यांनी तेथे मशागत करून खर्च त्याच्या करात लावावा. गैरहजर मालकांचा प्रश्न याशिवाय सुटलाच नसता, असे माझे मत आहे.

या तातडीच्या मशागतीत काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काम वारा येतो त्या बाजूच्या कडेपासून सुरू करावे, कारण ओघ तेथूनच सुरू होतो. पलीकडच्या टोकाला केलेली मशागत वरून आलेल्या मातीखाली गाडली जाते. संपूर्ण शेत एकाच वेळी न नांगरता आडवे पट्टे सोडून करावे, म्हणजे पहिल्या पट्ट्यांतील ढेकळे काही आठवड्यांत फुटली तर दुसऱ्या वेळेसाठी न हललेली जमीन शिल्लक राहते. अवजार सावकाश चालवावे, कारण वेगाने चालवल्यास ढेकळे फुटतात. ज्या उंचवट्यावरून उडणे सुरू झाले त्यावर शेणखत, काडीकचरा किंवा पाचट पसरून ते दाबून बसवावे. हे छोटे ठिकाण सावरल्यास बरेचदा संपूर्ण शेत सावरते.

अगदी रेताड जमिनीत मात्र ढेकूळच बनत नाही, आणि तेथे वारंवार मशागत केल्यास उरलीसुरली ओलही जाते. अशा जमिनीत सरी खोल घेऊन एकदाच घ्यावी आणि पुढचा भर सेंद्रिय आच्छादनावर द्यावा. भारी काळ्या जमिनीत याउलट ढेकळे सहज मिळतात, पण सुकताना ती जमीन स्वतःच बारीक रव्यासारखी होते हे लक्षात ठेवावे.

कायमस्वरूपी उपाय आणि त्यांची मर्यादा

ह्यू हॅमंड बेनेट या मृदातज्ज्ञाने 1928 मध्येच मातीची धूप हे राष्ट्रीय संकट असल्याचे सरकारी पत्रिकेतून मांडले होते. 1933 मध्ये त्यांच्याकडे नव्या मृदाधूप सेवेची जबाबदारी आली आणि 27 एप्रिल 1935 रोजी, काळ्या रविवारनंतर दोन आठवड्यांच्या आत, मृदसंधारण कायदा मंजूर झाला. त्यानंतर जे बदल झाले त्यांतील सर्वांत प्रभावी बदल माझ्या मते झाडे किंवा बांध हा नव्हता, तर धसकटे जमिनीवर ठेवण्याचा होता. जमिनीचा 30 टक्के भाग जरी पिकाच्या अवशेषांनी झाकलेला असला, तरी वाऱ्याने होणारी धूप सुमारे 70 टक्क्यांनी घटते. उभी धसकटे आडव्या काडीपेक्षाही अधिक काम करतात. यासाठी अवजारे बदलावी लागली. ओक्लाहोमातील हुकर या गावच्या फ्रेड होम या शेतकऱ्याने 1933 मध्ये माती न उलटवता खोल फाडणारा छिन्नी-नांगर बनवला. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात चार्ल्स नोबल यांनी जमिनीखालून आडवे जाणारे रुंद पाते तयार केले, जे तणाची मुळे कापते पण वरची धसकटे उभीच ठेवते. हे तत्त्व आपल्या वखराच्या पात्याचे आहे, आणि त्याचा उपयोग तणासाठी करताना आच्छादन राखण्यासाठीही करता येईल याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही.

या ठिकाणी आपल्याकडची अडचण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. जत किंवा सांगोल्याच्या शेतकऱ्याला कडबा शेतात सोडा असे सांगणे म्हणजे त्याच्या जनावरांना उपाशी ठेवा असे सांगणे आहे. तेव्हा ज्वारी मुळासकट न उपटता एक वीत वर कापणे आणि ती धसकटे उन्हाळाभर वेचून न जाळणे, एवढीच मागणी वाजवी ठरते. ज्वारी हे या कामासाठी उत्तम पीक आहे. महामैदानांवरही उजाड शेत तातडीने झाकण्यासाठी आणि गव्हाच्या मध्ये आडवे पट्टे लावण्यासाठी ज्वारी व सुदान गवत यांचाच आधार घेतला गेला.

मातीच्या उघडेपणाशी पेरणीचा निर्णयही जोडलेला आहे. ओक्लाहोमातील गुडवेल येथे हॉवर्ड फिनेल यांनी 1920 च्या दशकापासून बांध, सऱ्या आणि जमिनीतील साठवलेली ओल यांवर प्रयोग केले होते. त्यांतून आणि कॅन्ससमधील कामातून आलेली शिकवण अशी की पेरणीच्या वेळी ओल किती खोल गेली आहे हे पाहून पेरावे. ओल वरवरची असेल तर गहू पेरण्याऐवजी धसकटे तशीच ठेवून जमीन पुढच्या हंगामासाठी राखावी. रब्बी ज्वारी साठवलेल्या ओलीवर घेणाऱ्या सोलापूरच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. योगायोगाने त्याच काळात, 1933 च्या सुमारास, सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे सुरू झाली आणि त्यांतून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ पुढे आली: समतल बांध, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणे, रुंद ओळी आणि वारंवार कोळपणी.

या वारंवार कोळपणीबद्दल सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. वरचा थर मोकळा भुसभुशीत ठेवला की खालची ओल उडत नाही ही कल्पना महामैदानांवरही लोकप्रिय होती, हार्डी वेबस्टर कॅम्पबेल यांनी तिचा मोठा प्रचार केला, आणि त्या धुळीच्या थरानेच पुढे वादळांना माती पुरवली. आपल्या काळ्या जमिनीत कोळपणीने भेगा बुजतात आणि उभ्या पिकाच्या ओळींमध्ये ती वाऱ्यापासून बरीच सुरक्षित असते, म्हणून तेथे ती योग्य आहे. हीच पद्धत पीक नसलेल्या हलक्या, मुरमाड-रेताड जमिनीत उन्हाळ्यात लावल्यास तिचा परिणाम उलट होईल.

झाडांच्या पट्ट्यांकडे लोकांचे लक्ष सर्वांत आधी जाते, आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा वृक्षपट्टा प्रकल्प खरोखरच भव्य होता. मार्च 1935 मध्ये ओक्लाहोमातील मँगमजवळ पहिले झाड लावले गेले आणि 1942 पर्यंत नॉर्थ डकोटापासून टेक्ससपर्यंत सुमारे 22 कोटी झाडे, जवळपास 30 हजार किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत लावली गेली. परंतु हा पट्टा मुख्यतः धूळग्रस्त केंद्राच्या पूर्वेला, थोड्या अधिक पावसाच्या भागात होता. जेथे सर्वाधिक माती उडत होती तेथे झाडे जगवणेच अवघड होते. पट्ट्याचे खरे संरक्षण झाडांच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंतच पुरेसे मिळते, म्हणून पाच मीटर उंचीची रांग पन्नास मीटरच्या पलीकडे फार आश्वासक राहत नाही. पट्टा अगदी भिंतीसारखा घट्टही नसावा. निम्म्याच्या आसपास वारा गाळून जाऊ देणारा पट्टा भोवरे कमी निर्माण करतो. मध्ये रस्त्यासाठी मोकळी फट ठेवली तर तेथून वारा अधिक वेगाने घुसतो. बांधावर शेवरी, गिरीपुष्प किंवा कडुनिंब लावताना हे सर्व विचारात घ्यावे, आणि झाडे वाढेपर्यंतची वर्षे धसकटांच्या भरवशावर काढावीत.

समस्या परत का येते

1940 च्या दशकात मैदानांवर पाऊस परतला, दुसऱ्या महायुद्धाने गव्हाचा भाव वाढवला आणि सावरलेली कित्येक शेते पुन्हा नांगरली गेली. 1950 च्या दशकात दुष्काळ आला, टेक्ससमध्ये तो 1957 पर्यंत टिकला, आणि माती पुन्हा उडू लागली. 1970 च्या दशकात निर्यातीसाठी अधिकाधिक पेरा असा संदेश गेला, तेव्हा अवजारे वळवायला अडथळा होतो म्हणून 1930 च्या दशकातील वृक्षपट्टेही अनेक ठिकाणी तोडले गेले. संरक्षणाची साधने टिकली ती जेथे करार दीर्घ मुदतीचे होते तेथे: 1956 च्या महामैदान संधारण कार्यक्रमात आणि 1985 च्या राखीव जमीन कार्यक्रमात, ज्यात नाजूक जमीन दहा ते पंधरा वर्षे गवताखाली ठेवण्याबद्दल मालकाला दरवर्षी भाडे मिळते.

दरम्यान ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्यातील पाण्याने आणि वर्तुळाकार फिरणाऱ्या सिंचनयंत्रांनी धोका झाकून ठेवला. आता अनेक ठिकाणी ते पाणी खोल गेले आहे, आणि विहीर आटली की ते ओलिताचे वर्तुळ एका हंगामात उघडी कोरडवाहू जमीन बनते. बोअर आटल्यावर द्राक्ष-डाळिंबाची बाग काढून मोकळे केलेले रान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा धोका वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पाणी संपण्यापूर्वीच, शेवटच्या एक-दोन पाळ्यांवर गवत किंवा आच्छादनाचे पीक उभे करून घेणे हा तेथील उपाय आहे. पाणी संपल्यानंतर तो करता येत नाही. धोका केवळ कोरड्या प्रदेशापुरताही नाही: 1 मे 2023 रोजी इलिनॉय या पुरेशा पावसाच्या राज्यात नुकत्याच नांगरलेल्या शेतांवरून उठलेल्या धुळीत महामार्गावर अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि माणसे दगावली.

सर्व उपाय करूनही जे शेत प्रत्येक दुष्काळात उडते, त्याच्याबाबत ते शेत म्हणून ठेवावे का, हा प्रश्न विचारण्याची वेळ आलेली असते. अमेरिकन सरकारने 1930 च्या दशकात अशी उद्ध्वस्त जमीन विकत घेऊन गवताखाली आणली. सिमॅरन, कोमांची, रिटा ब्लँका आणि कायोवा ही आजची राष्ट्रीय गवताळ क्षेत्रे त्यातूनच उभी राहिली. हे काम संथ आहे. प्रथम ज्वारीसारख्या पिकाची धसकटे उभी करावी लागतात, त्यांच्या आडोशाला स्थानिक गवताचे बी पेरावे लागते, आणि मुळांची पकड बसेपर्यंत पहिली काही वर्षे जनावरे पूर्णपणे बाहेर ठेवावी लागतात. घाईने चराई सुरू केल्यास रोपे मुळासकट उपटली जातात आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. त्यानंतरही चराई दरवर्षीच्या पावसाप्रमाणे ठरवावी, कळपाच्या आकाराप्रमाणे नव्हे. कमी पावसाच्या वर्षी गवत जमिनीपासून चार बोटांच्या खाली जाण्यापूर्वीच कळप दुसरीकडे हलवावा आणि त्यासाठी लागणारा चारा आदल्या चांगल्या वर्षातच साठवून ठेवावा.